एमएम ५४० आणि क्लासिकचे शॉकअप: आधी मोजपट्टी, मग माल

पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) चालणाऱ्या जुन्या महिंद्रा जीपला, म्हणजे एमएम ५४०, क्लासिक किंवा त्यांच्या भावंडांना, शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर, पुढे नुसते शॉक) बदलायचे म्हटले की पुण्यात पहिली चर्चा ब्रँडची होते. नाना पेठेत काय मिळते, ऑस्ट्रेलियाचे मागवावेत का, गॅसचे बरे की तेलाचे? प्रश्न रास्त आहेत, पण क्रम उलटा आहे. लांबी चुकलेला महागडा शॉक लोणावळा ते उधेवाडीच्या कच्च्या रस्त्यावर एका फेरीत निकामी होऊ शकतो. बरोबर लांबीचा साधा शॉक मात्र वर्षानुवर्षे साथ देतो.

त्याही आधी दोष खरोखर शॉकचाच आहे का, हे पाहा. बॉनेटवर जोर देऊन गाडी हलवायची परीक्षा इथे फसवी ठरते, कारण पाटे मुळात कडक असतात आणि गंजलेले पाटे एकमेकांवर घासून स्वतःच हिसका जिरवतात. नवे शॉक टाकूनही गाडी दणके देत असेल तर बहुतेक वेळा पाटे जाम झालेले असतात किंवा शॅकलचे, म्हणजे पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या कडीचे, बुश (पिनभोवतीचे अस्तर) झिजून संपलेले असतात. पाटे सोडवून गंज घासून काढणे आणि बुश बदलणे हे काम शॉकपेक्षा स्वस्त आहे आणि फरक जास्त पडतो. ते आधी करा.

शॉक तपासायची खात्रीची रीत हाताची आहे. खराब रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवा, थांबा, आणि चारही शॉकच्या नळीजवळ हाताची मागची बाजू न्या. काम करणारा शॉक गरम होतो. तीन गरम आणि एक थंड असेल तर थंड असलेला मेलेला आहे. नळीवर धूळ चिकटलेला हलका ओशटपणा असेल तर काळजी नाही. तेल ओघळून खालच्या डोळ्यापर्यंत (पिनवर बसणाऱ्या कड्यापर्यंत) आले असेल तर सील गेले. शॉक काढून उभा धरा आणि चार-पाच वेळा पूर्ण ताणा-दाबा. दिशा बदलताना दांडा काही मिलिमीटर पोकळ सरकत असेल तर तेलात हवा शिरली आहे किंवा झडप खराब झाली आहे.

आता लांबी. गाडी सपाट जागी, नेहमीचे वजन घालून उभी करा आणि वरच्या पिनच्या मध्यापासून खालच्या पिनच्या मध्यापर्यंत मोजा. उदाहरणादाखल ४१ सेंमी धरू. ॲक्सल आणि बंप रबर (चाक उसळल्यावर ॲक्सल ज्यावर टेकते ते रबर) यांच्यातली फट ६.५ सेंमी, आणि रबर दबून आणखी १.५. म्हणजे चाक पूर्ण वर गेल्यावर शॉकला ३३ सेंमी जागा उरते. बंद अवस्थेत शॉक ३२ किंवा त्याहून कमी हवा. एक सेंमीची ही सूट सोडू नका: ती नसेल तर बंप रबराआधी शॉकच टेकतो, आणि दणका बसतो तो पिनला किंवा चासीवरच्या ब्रॅकेटला. मग चासी उचलून चाके लोंबकळू द्या आणि पुन्हा मोजा. ४९.५ सेंमी आले तर शॉक उघडा असताना किमान ५०.५ हवा. नाहीतर चाकाचे अख्खे वजन शॉकच्या आतल्या पिस्टनच्या नटावर लटकते. त्यासाठी तो बनवलेला नाही. पुढचे-मागचे माप वेगळे घ्या, दोन्ही सारखे असतील असे गृहीत धरू नका.

उंची वाढवलेल्या गाड्यांत इथेच घोळ होतो. शॅकल ५ सेंमी लांब केले की गाडी साधारण २.५ सेंमी उचलली जाते, कारण पाट्याचे दुसरे टोक जागेवरच असते. फरक लहान वाटतो, पण जुना शॉक आता उभ्या गाडीतच तेवढा ताणलेला असतो आणि पहिल्या चांगल्या खड्ड्यात पूर्ण उघडून खटकतो. पाटे ॲक्सलच्या वर घेतले असतील तर जुन्या लांबीचा विचारही करू नका. तिथे पिनची जागा, ब्रेकचा होज आणि प्रोपेलर शाफ्ट हे तिन्ही नव्याने बघावे लागतात.

आता माल.

साधा तेलाचा, दुहेरी नळीचा शॉक. गॅब्रिएल इंडिया १९६१ पासून या धंद्यात आहे आणि तिचा कारखाना आपल्याच पुणे-नाशिक रस्त्यावर कुरुळीला आहे, त्यामुळे या प्रकारचा माल पुण्यात शोधत फिरावे लागत नाही. बाहेरच्या नळीत वर थोडी हवा असते. सलग खडबडीत रस्त्यावर तेल आणि हवा घुसळून फेस होतो, आणि फेसाला झडपेतून जायला जोर लागत नाही, म्हणून शॉक मऊ पडतो. दहा मिनिटे थांबलात की सावरतो. ताम्हिणीला डांबरावरून जाऊन शेवटचे दोन-तीन किलोमीटर कच्च्यावर उतरणाऱ्या, मागे फारसे सामान नसलेल्या जीपला हाच शॉक योग्य. पाच पैकी चार.

कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला दुहेरी नळीचा. ऑस्ट्रेलियाच्या ओल्ड मॅन एमूचे नायट्रोचार्जर याच जातीचे. हवेच्या जागी दाबाखालचा नायट्रोजन असल्याने फेस उशिरा होतो, आणि बाहेरच्या नळीला दगड लागून पोचा पडला तरी आतली नळी वाचते. आमची पहिली पसंती ही, कारण सह्याद्रीतल्या वाटांवर दगड खालून उडतोच. फक्त वजन बघून घ्या: जड गाडीसाठीचा शॉक हलक्या, रिकाम्या जीपला लावला तर गाडी उडत चालते. साडेचार.

एकेरी नळीचा, जास्त दाबाचा. बिलस्टाइनने हा १९५७ मध्ये मर्सिडीजसाठी उत्पादनात आणला. उष्णता लवकर टाकतो, फेस जवळजवळ होतच नाही. पण पिस्टन थेट बाहेरच्या नळीतच फिरतो, म्हणून एक खोल पोचा आणि शॉक अडकला. जीपचे खालचे पिन ॲक्सलजवळ, ऐन दगडांच्या उंचीवर असतात. वेगात लांब पल्ला मारणाऱ्यांना उत्तम, आपल्या घाटवाटांवर जपावा लागतो. तीन.

मुठीने कडकपणा बदलणारा, जसा रँचोचा आरएस ९००० एक्सएल, ९ पायऱ्यांचा. एकाच आठवड्यात रिकामी आणि छतापर्यंत भरलेली अशी दोन्ही प्रकारे गाडी वापरणाऱ्यालाच याचे पैसे वसूल होतात. रिकामी असताना मऊ बाजूला ठेवा, सामान भरले की दोन-तीन पायऱ्या वर घ्या. चिखलातून आल्यावर मूठ धुतली नाही तर ती जाम होते. चार.

आणि जुना शॉक उघडून, तेल भरून, पुन्हा वेल्डिंग केलेला ‘रिकंडिशन्ड’ शॉक घेऊ नका. आत कोणते तेल आहे ते कळत नाही, दांड्यावरचा ओरखडा तसाच असतो, आणि तोच ओरखडा नवे सील पुन्हा कापतो. नवा शॉक घेतानाही दांड्यावरून नख फिरवा. नख कुठेही अडखळता कामा नये.

बसवणूक दोन माणसांचे अर्ध्या दिवसाचे काम. नटांवर गंज सोडवणारे तेल आदल्या संध्याकाळी मारा. चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता घोडीवर (स्टँडवर) टेकवा. डोळ्यातल्या बुशच्या आतली लोखंडी बाही पिनला गंजून चिकटली असेल तर गॅसकटर लावू नका. गॅस भरलेला शॉक तापून फुटू शकतो, आणि तेल पेट घेते. ग्राइंडरने शॉकचा डोळा कापा, पिन वाचवा. पिन घासून व्हर्नियरने तीन जागी मोजा. ती एका बाजूने खाल्ली गेली असेल तर नवा बुश महिन्यात ढिला होईल. भोसरीत लेथवर नवी पिन करून घेणे शहाणपणाचे.

दुहेरी नळीचा नवा शॉक दुकानात आडवा पडलेला असतो. तो उभा धरा, दांडा वर, आणि पोकळपणा जाईपर्यंत सावकाश चार-पाच वेळा पूर्ण ताणा-दाबा. मग उलटा न करता तसाच चढवा. दांडा पकडीने धरू नका. रबर बुशला साधे ग्रीस लावू नका, रबर फुगते; साबणाचे पाणी पुरते. नट इतकाच आवळा की रबर फुगून वायसरच्या कडेपर्यंत येईल. त्यापुढे आवळले की रबर चिरते आणि पुढच्या पावसाळ्यात कुरकुर सुरू होते. स्प्लिट पिन दर वेळी नवी घाला. बदलायचे ते जोडीने: पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही.

खाली उतरवण्याआधी चाके लोंबकळत असताना ब्रेकचा होज बघा, तो ताणलेला दिसता कामा नये. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पुढचा शॉक कुठे घासतो का पाहा. १०० किमी झाल्यावर चारही जोडांवर पुन्हा पाना लावा, आणि त्याच दिवशी पानशेतच्या पुढच्या कच्च्या रस्त्यावरून आल्यावर चारही नळ्यांना हात लावून बघा.