झॉडवरून जेसन स्कीमा : मिरकरवाड्याच्या जेटीवर आठ महिने वापरून

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर मासळी उतरली की तिची नोंद ठेवणारं एक छोटं अ‍ॅप आम्ही दोघं चालवतो. सगळं टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत आहे आणि तपासणी झॉडमध्ये (आलेला डेटा नियमात बसतो का ते बघणारी टाइपस्क्रिप्टची लायब्ररी), म्हणजे बोटीचं नाव, नंबर, जाळं कुठलं, मासळी कुठली, पाट्या किती, वजन किती, बर्फ किती घेतला, सगळं. १ ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठली तेव्हापासून एका खरेदीदाराची माणसं त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये नोंद करून आम्हाला पाठवायला लागली आणि त्यांचं सगळं पायथनमध्ये, मग आमचे नियम त्यांना कळवायचे कसे? आधी वर्डची फाइल द्यायचो, ती पंधरा दिवसांत जुनी व्हायची. म्हणून झॉडवरून थेट जेसन स्कीमा (डेटा कसा असावा याचे नियम कुठल्याही भाषेतून वाचता येतील असे लिहायची ठरीव पद्धत) काढून तीच फाइल द्यायला लागलो. झॉड ४ आलं २०२५ मध्ये आणि त्यात ही सोय आतच आहे, त्यामुळे झॉड ३ च्या वेळी जे वेगळं पॅकेज लावलं होतं ते काढून टाकलं.

आधी चांगलं सांगतो कारण ते खरंच चांगलं आहे. एक फंक्शन, एक ओळ, फाइल तयार. न सांगता स्कीमाच्या २०२०-१२ च्या ड्राफ्टमध्ये (म्हणजे आवृत्तीत) देतो, समोरच्याची लायब्ररी जुनी असेल तर ड्राफ्ट ७ मागायचा. मासळीची यादी (बांगडा, सुरमई, पापलेट, कोळंबी, देवनागरीतच आहे) जशीच्या तशी ईनम (ठरलेल्या पर्यायांची यादी) म्हणून उतरली, मेटामध्ये (रकान्याची जास्तीची माहिती) लिहिलेली मराठी वर्णनं पण गेली. आणि तारखेला आम्ही झॉडचा डेट टाइप लावला होता तर त्याने सरळ एरर टाकून काम थांबवलं, कारण जेसनमध्ये तारीख नावाचा प्रकारच नाही. मला हे फार आवडलं. जमत नाही तर जमत नाही म्हणून सांगतो. आयएसओ तारखेची स्ट्रिंग केली, विषय संपला.

आता त्रास. पहिल्याच आठवड्यात पहाटे लिलाव चालू असताना फोन, "अरे तुमचा फॉरमॅट बर्फ मागतोय, आम्ही बर्फ घेतलाच नाय, काय भरू?" आमच्याकडे बर्फाला डिफॉल्ट शून्य आहे, रिकामं आलं तरी चालतं, पण स्कीमात ते रिक्वायर्ड, म्हणजे भरायलाच हवं असं, झालं होतं. दोन तास डोकं खाल्ल्यावर कळलं की हा कन्व्हर्टर आपणहून आउटपुटची बाजू लिहितो, म्हणजे तपासून झाल्यावर डेटा कसा दिसेल ते, आणि डिफॉल्ट लागून गेल्यावर बर्फ तिथे असणारच ना, म्हणून रिक्वायर्ड. समोरच्याला हवी असते इनपुटची बाजू. आयओ नावाचा ऑप्शन इनपुट केला की झालं. त्याच ऑप्शनने दुसरं पण सुटलं. त्यांची माणसं 'शेरा' नावाचा जास्तीचा रकाना भरायची, झॉड तो निमूटपणे गाळतो पण आउटपुटच्या स्कीमात जास्तीच्या रकान्याला बंदी असते, त्यामुळे त्यांच्याकडेच नोंद अडकायची. कोणी हे वापरायला घेणार असेल तर पहिल्या दिवशी हा ऑप्शन बघा, बाकी सगळं नंतर.

खरा जीव खाल्ला तो गपचूप गळणाऱ्या गोष्टींनी. बोटीच्या नावाला ट्रिम (आजूबाजूच्या स्पेस काढणं) आणि मग किमान एक अक्षर असा नियम होता. स्कीमात फक्त किमान लांबी १ उतरली, ट्रिमला तिथे जागाच नाही. त्यांच्या एका मुलाने नावात नुसत्या स्पेस टाकल्या, तिकडे पास, रात्री आमच्या सर्व्हरवर नापास, आणि सकाळी हिशेबाला ती बोटच नाही. बोटीचा तांडेल (म्होरक्या) समोर उभा, म्हणतो माझा माल गेला कुठे. फार वाईट वाटलं, त्याची काहीच चूक नव्हती. आता तिथे एक पॅटर्न (अक्षरांचा साचा) लावलाय की स्पेस सोडून निदान एक अक्षर पाहिजे, पॅटर्न व्यवस्थित उतरतो. पण बोटीच्या नंबरच्या रेजेक्सला (म्हणजे झॉडमधल्या पॅटर्नलाच) लहान-मोठी लिपी चालेल असा फ्लॅग होता तो गळला, जेसन स्कीमाच्या पॅटर्नला फ्लॅग लावताच येत नाहीत, तर तिथे दोन्ही अक्षरं हाताने लिहिली.

रिफाइनचं, म्हणजे झॉडमध्ये आपण स्वतः लिहिलेल्या जास्तीच्या तपासणीचं, पण तेच. पर्ससीन जाळ्याला (मासळीच्या थव्याला घेरून तळाशी आवळायचं मोठं जाळं) राज्याच्या सागरी हद्दीत २०१६ च्या आदेशापासून १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच मुभा, म्हणून जाळं पर्ससीन असेल तर तारीख त्यातली पाहिजे असा नियम आम्ही रिफाइनमध्ये लिहिला होता. स्कीमात त्याचा मागमूस नाही, आणि एरर पण नाही! डेटला एरर टाकतो तर रिफाइनला निदान वॉर्निंग तरी द्यायला हवी होती हे माझं ठाम मत आहे. हा नियम शेवटी ओव्हरराइड (तयार होणाऱ्या स्कीमात बदल करायची सोय) वापरून हाताने घातला, स्कीमातल्या इफ-देनने : जाळं पर्ससीन तर तारखेतला महिना ०९ ते १२ या पॅटर्नमध्ये बसला पाहिजे. छान चालतंय. पण निव्वळ वजन पाटीसकट वजनापेक्षा कमी पाहिजे हे मात्र जमणारच नाही, कारण दोन रकान्यांतले आकडे एकमेकांशी ताडून बघायची सोय मूळ जेसन स्कीमातच नाही. तो नियम वर्णनात मराठीत लिहून ठेवलाय आणि त्यांच्या प्रोग्रामरने तो पायथनमध्ये वेगळा लिहून घेतला.

एक बारीक गोष्ट. पाट्यांना नुसतं पूर्णांक म्हटलं होतं तर स्कीमात कमाल ९००७१९९२५४७४०९९१ आलं आणि तिकडून विचारणा झाली की हा आकडा कसला. जावास्क्रिप्टमध्ये बिनचूक धरता येणारा तो सगळ्यात मोठा पूर्णांक. आपली खरी मर्यादा लिहिली की तो जातो, आम्ही ५०० केली.

नोव्हेंबरपासून एक सवय लावून घेतलीय. तपासणीसाठी बनवलेल्या, बहुतेक मुद्दाम चुकीच्या केलेल्या तीसेक नोंदी एका फोल्डरमध्ये ठेवल्यात, नुसत्या स्पेसवाली, जानेवारीतली पर्ससीन, बर्फ नसलेली वगैरे, त्यातल्या थोड्या बरोबर पण आहेत. स्कीमा नव्याने काढली की त्या सगळ्या झॉडमधून आणि पायथनमधून दोन्हीकडून जातात आणि जिथे दोघांचं उत्तर वेगळं येतं तिथे फाइल पुढे जातच नाही. वजनाच्या नियमाची नोंद तेवढी, तिथे उत्तरं वेगळी येणार हे माहीत आहे म्हणून, वेगळी काढलीय. तेव्हापासून पहाटेचा फोन एकदाच आला आणि तो पण नेट गेलं म्हणून.

झॉड टाकून सगळं हाताने जेसन स्कीमात लिहायचा विचार डिसेंबरमध्ये आला होता, पण टाइपस्क्रिप्टचे टाइप फुकटात मिळतात ते सोडवत नाहीत. १ जूनला परत बंदी लागली की दोन महिने बोटी किनाऱ्याला, तेव्हा उरलेली चार रिफाइन घेऊन बसणार आहे, त्यातली दोन तरी इफ-देनमध्ये बसतील असं दिसतंय.