रिपल टँक संच: मोटर उत्तम, अडथळे कच्चे

लाटा फटीतून कशा पसरतात हे फळ्यावर कितीही काढलं तरी पाण्यात दिसल्याशिवाय पटत नाही, म्हणून रिपल टँकचा, म्हणजे उथळ पाण्यात लाटा दाखवणाऱ्या परातीचा, हा संच प्रयोगशाळेत हवाच. काचेच्या तळाची साधारण 45 सेंमी चौरस परात, वर दिवा, खाली पांढरा पडदा. पाय तीनच आहेत, ते बरं. चार पायांची टाकी डुगडुगते. आधी पाय फिरवून परात पातळीत आणा आणि 8 मिमी पाणी भरा. एका कोपऱ्यात पाणी जास्त उथळ राहिलं तर तिथे लाट मंदावते आणि सरळ रेषा उगाच वाकडी दिसते.

लाटा काढणारी दांडी हलवणाऱ्या मोटरला पूर्ण गुण. वेग 5 ते 25 हर्ट्झपर्यंत (म्हणजे सेकंदाला 5 ते 25 लाटा) न अडखळता वाढतो आणि एलईडी त्याच तालावर लुकलुकतो, त्यामुळे पडद्यावरची लाट जागच्या जागी थांबते. लाटेचा उंचवटा भिंगासारखा प्रकाश एकवटतो, तोच उजळ पट्टा. मात्र पडद्यावरची लांबी तशीच वहीत उतरवू नका. दिवा पाण्याच्या 50 सेंमी वर आणि पडदा तेवढाच खाली असेल तर सावली दुप्पट पडते. काचेवर 5 सेंमीची पट्टी ठेवून सावली मोजली की खरं प्रमाण कळतं.

10 हर्ट्झला तरंगलांबी, म्हणजे लागोपाठच्या दोन उंचवट्यांमधलं अंतर, सुमारे 2.4 सेंमी येते, 20 ला जवळपास निम्मी. दोन ठोकळ्यांमधली फट अडीच सेंमी ठेवली की पलीकडे जवळजवळ अर्धवर्तुळं उमटतात. 12 सेंमी ठेवली तर मधली लाट सरळच जाते, फक्त कडा वळतात. सगळ्यात बोलका प्रयोग 5 सेंमी फटीचा. 10 हर्ट्झला मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना साधारण 30 अंशांवर पाणी शांत दिसतं. फटीला हात न लावता 20 वर न्या, ते कोन 14 अंशांपर्यंत आत येतात. विवर्तन, म्हणजे फटीतून किंवा अडथळ्याच्या कडेने लाट वळून पसरणं, फटीच्या आणि तरंगलांबीच्या प्रमाणावर ठरतं, हे इथे डोळ्यांना दिसतं. 2 सेंमीच्या ठोकळ्यामागे लाटा लगेच जुळतात, 10 सेंमीच्या मागे मात्र ठळक सावली राहते.

घोळ होतो तो याच ठोकळ्यांनी. ते हलक्या ॲक्रिलिकचे असल्याने सरकतात आणि तळाशी लाट निसटते. शिवाय दोन्ही ठोकळे परातीच्या भिंतीपर्यंत पोचत नाहीत; त्या बाजूच्या भोकातून शिरलेली लाट फटीतल्या लाटेत मिसळते आणि नक्षी बिघडते. मग मुलांना वाटतं, नियमच चुकला. ठोकळ्याखाली आणि टोकांना खेळायची क्ले दाबून बसवा. पितळी ठोकळे मिळाले तर उत्तमच. तेलकट बोटं लागलेला ठोकळा साबणाने धुवा, पण खळखळून विसळा, कारण साबणाचा अंश पाण्यात उतरला की बारीक लाटा विरतात.

काठाच्या फोमच्या पट्ट्या उभ्या कापलेल्या आहेत, त्यावरून लाट परत येते. त्या उतरत्या कापून आधी भिजवा. ड्रॉपरने मधोमध एक थेंब टाका. वर्तुळ काठावर जिरलं तर काम झालं. लाटा काढणारी दांडी पाण्याला जेमतेम टेकलेली असावी. तिच्याखाली बुडबुडा अडकला की त्या जागी लाट तुटते.

परातीला तोटी नाही, पाणी स्पंजने टिपावं लागतं. बोअरचं पाणी वापरलं असेल तर काच लगेच पुसा; पांढरे डाग बसले की पडद्यावर तेही उमटतात.