विदर्भातलं ऊन रंगवायला जलरंग की तैलरंग?

गावात बसून उन्हाची चित्रं काढायची असतील तर रंग विकत घेण्याआधी एक गोष्ट ठरवा: उजेड राखायचा की चढवायचा? जलरंगात कोरा कागद हाच उजेड, ऊन आहे तिथे कुंचला लावायचाच नाही. तैलरंगात बहुतेक जण आधी गडद छाया मांडतात आणि ऊन शेवटी जाड रंगाने चढवतात.

माझा कौल जलरंगाला, आणि तो कापसामुळे. वेचणीच्या दिवसांत अंगणातला कापसाचा ढीग सकाळच्या उन्हात नीट बघा. उन्हाची बाजू कोरी सोडली की झालं. सावलीची बाजू मात्र नुसती करडी नसते. वरून तिच्यावर आभाळाची निळाई उतरते, खालून सारवलेल्या अंगणाचा पिवळट उजेड चढतो. अल्ट्रामरीन या गडद निळ्या रंगात किंचित बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी, भरपूर पाणी, आणि एकदाच हात फिरवायचा. ट्यूबमधला काळा घातलात की कापूस मळका दिसलाच. तोच ढीग वावरात असला तर काळी माती उजेड गिळते; खालचा पिवळेपणा जातो आणि सावली निळी पडते. हा फरक पारदर्शक थरात जितका सहज उतरतो, तितका मला तैलरंगात कधी दिसला नाही.

वैशाखात मात्र जलरंग छळतो. पारा 45 अंशांवर गेला की थर पसरायच्या आत कडेने वाळतो आणि डाग धरतो. तेव्हा पहाटेच बसावं, कागद मागूनही भिजवून घ्यावा. तैलरंग कित्येक दिवस ओला राहतो. चुकलं तर खरडता येतं, पण वावटळीची धूळही त्यावरच बसते. त्यातलं तेल जवसाचंच, तरी घाण्यावरचं खायचं तेल त्यात ओतू नका. चित्रासाठी शुद्ध केलेलं वेगळं मिळतं.

कवेलूच्या घरातला अंधार, चुलीपुढचा चेहरा हेच तुमचे विषय असतील, तर तैलरंग घ्या. डच चित्रकार रेम्ब्रांटने (1606–1669) छाया पातळ ठेवून उजेडावर रंगाचे जाड थर दिले, ते तंत्र इथे कामी येतं. जलरंगात हे जमत नाही असं नाही. चित्रकार सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र जलरंगातलंच आहे. पण तो हात यायला वर्षं लागतात.

जलरंग घेतलेत तर रंगांपेक्षा कागदावर पैसे घाला: चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, निव्वळ कापसाचा. स्वस्त कागद पुन्हा ओला केला की उखडतो. आणि तैलरंगासाठी समोरासमोर खिडक्या असलेली खोली हवीच, रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनची वाफ कोंडलेल्या घरात बरी नाही.