फिरते दंतवाहन: उपचार चोख, पाठपुरावा तोकडा

गडचिरोली जिल्ह्यातील आमच्या गावच्या शाळेत एका दंत महाविद्यालयाचे फिरते दंतवाहन शिबिरासाठी आले होते. बीडीएस या दंतवैद्यकीय पदवीच्या चार वर्षांनंतर जे एक वर्षाचे आंतरवासिता प्रशिक्षण असते, त्यातील काही काळ ग्रामीण सेवेत जातो. त्यामुळे येथे उपचार प्रामुख्याने हे नवखे डॉक्टरच करतात, आणि शिकाऊ पोरांच्या हाती दाढ कशी द्यायची ही गावकऱ्यांची शंका रास्तच होती.

उपचारांच्या बाबतीत ती शंका टिकली नाही. दाढ काढण्यापूर्वी रक्तदाब आणि साखर तपासली जात होती, भूल देताना प्राध्यापक शेजारी उभे होते आणि हत्यारे प्रत्येक रुग्णासाठी निर्जंतुक केलेल्या वेगळ्या पाकिटातून निघत होती. मुलांच्या किडलेल्या दातांमध्ये, जेथे शक्य तेथे, यंत्राऐवजी हाताच्या हत्यारांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरले गेले. ही पद्धत 1980च्या दशकात टांझानियात विकसित झाली ती वीज नसलेल्या ठिकाणांसाठीच. शिवाय यंत्राचा आवाज नसल्याने मुलेही फारशी बिचकली नाहीत.

या शिबिराचे खरे मोल मात्र खर्ऱ्याच्या प्रश्नावर दिसले. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा आमच्याकडे पाहुण्यालाही दिला जातो. सुरुवातीला एक विद्यार्थिनी प्रत्येकाला कर्करोगाची भीती घालत होती, आणि समोरचा माणूस 'खात नाही' म्हणून मोकळा होत होता, ओठ लालभडक असताना! प्राध्यापिकेने तिला बाजूला घेऊन काही सांगितले असावे. कारण त्यानंतर ती 'पहिली पुडी सकाळी किती वाजता लागते?' असे विचारू लागली आणि माणसे खरे बोलू लागली. खर्ऱ्याने तोंड उघडणे कमी होत जाते, म्हणून उभी धरलेली आपलीच तीन बोटे तोंडात जातात का, हे पाहायला सांगितल्यावर काहींची दोनच गेली, तेव्हा हसणारी रांग गप्प झाली. माडिया ही आदिवासी बोली बोलणाऱ्या आजींसाठी आशाताईंना दुभाषी व्हावे लागले. आशाताई नसत्या तर त्यांची तपासणी केवळ नोंदीपुरतीच झाली असती.

नाराजी आहे ती पुढच्या टप्प्याबद्दल. तोंडात न पुसला जाणारा पांढरा चट्टा, म्हणजे कर्करोगाची संभाव्य पूर्वखूण, आढळलेल्या रुग्णांना नागपूरला जाण्याची चिठ्ठी दिली गेली. पण गाडीभाडे, बुडणारी मजुरी आणि तिथे भेटायचे कोणाला, यांपैकी कशाचाही विचार त्या चिठ्ठीत नव्हता, आणि नंतर कोणी फोन करून चौकशीही केली नाही. विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण दाढ निघाली की संपते, असाच त्याचा अर्थ होतो. चट्टा सापडलेला रुग्ण तुकडा तपासणीपर्यंत (बायोप्सीपर्यंत) पोहोचला की नाही, याची जबाबदारी त्याच विद्यार्थ्यावर टाकली, तर मी या सेवेला पूर्ण गुण देईन.

रूट कॅनल आणि कवळी येथे होत नाही. दाढ काढायची असल्यास जेवून जावे आणि रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर त्यांची पाकिटे सोबत न्यावीत.