मित्राला करंट खातं उघडून दिलं आणि गुन्ह्यात माझं नाव आलं

हे लिहायचं टाळत होतो, घरात वडील अजून नीट बोलत नाहीत माझ्याशी. पण परवा गल्लीतल्या एका पोराने विचारलं, दादा उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, कसं काढतात, एकजण खातं उघडायचे पंचवीस हजार देतोय, आणि माझ्या पोटात गोळाच आला.

मी इचलकरंजीत एका लूमवर दिवाणजी आहे. दहावीपर्यंत एका बाकावर बसलेला मित्र एक दिवस आला, म्हणाला एका पार्टीचा ऑनलाइन ट्रेडिंगचा धंदा आहे, त्यांच्या खात्याची लिमिट संपलीय, तू फर्म दाखवून करंट खातं काढ, बाकी सगळं ते बघतात. उद्यम सर्टिफिकेट फुकट निघतं, ते त्यानेच माझ्या मोबाईलवरून काढलं. बँकेचा माणूस जागा बघायला येणार त्या सकाळी एका रिकाम्या गाळ्यावर फ्लेक्स लावला, शाईचा वास येत होता अजून, एक दोरी मीच खिळ्याला बांधली, आणि संध्याकाळी फ्लेक्स गायब. नंतर चेकबुक, एटीएम कार्ड, पासवर्ड आणि खात्याला जोडलेलं नवीन सिम एका पाकिटात घालून त्याच्या हातात दिलं. मला कबूल केलेल्या पंचवीस हजारांपैकी बारा हजार मिळाले.

नवव्या दिवशी माझं पगाराचं खातंच चालेना. बँकेत कळलं की करंट खात्यात तीन दिवसांत एकोणचाळीस लाख आले आणि गेले, त्यातले साडेसहा लाख दुसऱ्या राज्यातल्या एका रिटायर्ड शिक्षिकेचे. व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचं सांगून त्यांना दोन दिवस 'डिजिटल अरेस्ट'मध्ये ठेवलं होतं. त्यांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, तिथून पैशाचा माग काढत पोलीस माझ्यापर्यंत. मित्राचा फोन तेव्हापासून बंद.

मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची पोलिसांची नोटीस आली, हजर राहा म्हणून. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीचा, म्हणजे सात वर्षांपर्यंत शिक्षा, सोबत ६१(२) कट आणि ३(५). वकिलांना म्हटलं, साहेब मी त्या बाईंशी एक शब्द बोललेलो नाही. ते म्हणाले ३(५) म्हणजे जुन्या दंड संहितेचं कलम ३४, सगळ्यांचा इरादा एक असेल तर प्रत्येकाने तो गुन्हा एकट्यानेच केला असं धरतात. १९२३ ची कलकत्त्याची शंकरीटोला पोस्टाची केस सांगितली त्यांनी, लुटायला आलेल्यांच्या गोळीने पोस्टमास्तर गेला, आरोपी म्हणाला मी घाबरून नुसता बाहेर उभा होतो, तेव्हाचं सगळ्यात वरचं कोर्ट म्हणजे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला तरी खुनातून सुटला नाही.

पण नुसतं खातं वापरलं गेलं एवढ्यावर कोणी दोषी ठरत नाही, तुला माहिती होतं आणि तू त्यात सामील होतास हे सरकार पक्षाला सिद्ध करावं लागतं, असंही ते म्हणाले. जरा जिवात जीव आला. मग त्यांनी माझे चॅट वाचायला घेतले आणि एका मेसेजवर बोट ठेवलं. मी मित्राला लिहिलं होतं, 'भावा यात काय लफडं नाही ना?' मला वाटायचं हाच माझा पुरावा, मी विचारलं होतं. ते म्हणाले हे दोन्हीकडून वाचता येतं, शंका आली होती तर सिम का दिलंस? त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

चुलतभाऊ म्हणाला फोन फॉरमॅट मार. वकिलांनी लगेच अडवलं, पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा होतो, आणि मित्रानेच सगळं करायला लावलं हे दाखवणारं तेवढंच माझ्याकडे आहे. चौकशीत पोलीस साहेबांनी फाईल उघडली, त्यात बँकेच्या माणसाने काढलेला फोटो होता, वर फ्लेक्स आणि खाली मी, हसतोय. मला म्हणाले, दुकान नव्हतं हे तर तुला माहिती होतं ना? हो म्हणालो. खोटं बोलायचं नाही हे ठरवूनच गेलो होतो.

जामीन मिळाला, केस चालू आहे, महिन्या-दोन महिन्याला तारखेला दुसऱ्या राज्यात जातो, रजा बिनपगारी. त्या बाईंना सगळे पैसे परत मिळालेले नाहीत, हे मला जास्त लागतं.

त्या पोराला काल मी सगळे कागद दाखवले, तेव्हा तो हळूच म्हणाला की खातं उघडून झालंय, सिम उद्या द्यायचं होतं. आज सकाळी त्याला घेऊन बँकेत गेलो, खातं बंद करायचा लेखी अर्ज दिला, शिक्का मारलेली प्रत त्याच्याकडे ठेवली. सिम त्याने माझ्यासमोर पाकिटातून काढलं.