कोशर घराचं वाणसामान: ठाणे-मुंबईच्या दुकानांची पारख

ठाणे-मुंबईत कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम, पाळणाऱ्या चार माणसांच्या घराला महिन्याचं सामान भरायला वेगळं दुकान लागत नाही. कोपऱ्यावरचा वाणी, मासळीबाजार आणि शोहेतचा, म्हणजे धर्मनियमाने जनावर कापणाऱ्याचा, ठरलेला दिवस, एवढ्यावर घर नीट चालतं. बेने इस्रायल या इथल्या ज्यू समाजाचा स्वयंपाक पिढ्यान् पिढ्या कोकणातल्या मालावर उभा आहे, आणि हा माल मुळातच कोशरला सोयीचा आहे. तरीही काही घरांचा खर्च महिनाअखेरीस हाताबाहेर जातो. त्याची कारणं बहुतेक वेळा तीन: कोशर प्रमाणपत्राचा शिक्का दिसला म्हणून घेतलेली आयात पाकिटं, आयत्या वेळी आणलेलं मटण आणि शेवटच्या आठवड्यातली पेसाह या ज्यू सणाची खरेदी. ही पारख त्याच अंगाने केली आहे: कुठलं दुकान कशासाठी भरवशाचं आणि कुठे डोळे उघडे ठेवायचे.

वाण्याला पूर्ण गुण. तांदूळ, गहू, डाळी, कडधान्यं, साखर, गूळ, मीठ, साधा चहा, अख्खे मसाले यांना शिक्का लागत नाही, सुटं घेतलं तरी चालतं. शिक्क्याच्या नादात दुप्पट भावाची डाळ घेणं म्हणजे निव्वळ नुकसान. आपल्याकडचे कितीतरी मसाले आणि काजूचे कारखाने निर्यातीसाठी कोशर प्रमाणपत्र घेतात, पण देशातल्या विक्रीच्या पाकिटावर ते छापतातच असं नाही. पाकिटावर शिक्का नाही म्हणून माल बाद होत नाही. उलट, नुसतं ‘के’ अक्षर छापलेलं दिसलं तर त्यावर विसंबू नका. त्यामागे कुठली संस्था उभी आहे हे त्या एका अक्षरावरून कळत नाही.

हिरव्या ठिपक्याचं काय? कोशर घराला ही खूण फार उपयोगी आहे. तिने जनावराची चरबी, जिलेटिन आणि किड्यांपासून काढलेला लाल रंग, म्हणजे क्रमांक १२०, एका फटक्यात बाहेर राहतात. परदेशातल्या कोशर ग्राहकाला दह्याच्या डब्यावरही जिलेटिन शोधावं लागतं, इथे तो ताप नाही. ४७१ क्रमांकाचं इमल्सिफायर हिरव्या ठिपक्याच्या मालात वनस्पतीचंच असतं. पण ठिपका तीन गोष्टी सांगत नाही. मालात दूध आहे का, द्राक्षाचा अंश आहे का, आणि पेसाहला वर्ज्य असलेला गहू आहे का. द्राक्षाचा रस आणि वाईनचा सिरका यांनाही हिरवा ठिपका मिळतो, पण कोशर शिक्क्याशिवाय ते चालत नाहीत. सिरका लागला तर साधा सिंथेटिक घ्या, तो स्वस्तही पडतो. दुधासाठी घटकांच्या यादीखालची ॲलर्जीची ओळ वाचायची. ब्रेड, ग्लुकोज बिस्किटं, तयार सुपं, चिप्सचे मसाला लावलेले प्रकार यांत मिल्क सॉलिड्स सर्रास असतात. मटणाच्या जेवणाला असा ब्रेड टेबलावर आला की अख्खं जेवण अडतं.

सगळ्यात फसवी वस्तू नारळाच्या दुधाची पावडर. मांसाबरोबर दूध चालत नाही म्हणून आपल्याकडे मटणाच्या रश्शाला, पुलावाला, हलव्याला नारळाचं दूध वापरतात, कारण ते पारवे, म्हणजे ना दुधातलं ना मांसातलं. पावडर मात्र पाण्यात नीट मिसळावी म्हणून बऱ्याच कंपन्या तिच्यात सोडियम केसिनेट घालतात, आणि केसिनेट हे दुधाचंच प्रथिन. पाकीट उलटं करून ‘केसिनेट’ किंवा ‘दुधाची प्रथिनं’ हे शब्द शोधा. दिसले तर ती पावडर दुधाच्या कपाटात, मटणाच्या जवळपासही नको. २०० मिलीच्या खोक्यातलं द्रव दूध बहुधा नारळ, पाणी आणि स्थिरक एवढ्यावरच असतं, तरी यादी वाचूनच घ्या. खर्चाच्या दृष्टीने अख्खा नारळच बरा. एका मध्यम नारळाचं पहिलं दाट दूध साधारण एक वाटी निघतं, चोथ्यात कोमट पाणी घालून दुसरं पातळ दूध दीड-दोन वाट्या. रस्सा पातळ दुधात शिजवायचा आणि दाट दूध गॅस बारीक करून शेवटी घालायचं. आधी घालून खळाखळा उकळलं की ते फाटतं आणि तेल वेगळं होतं. महिन्याला १२ ते १५ नारळ धरा. मालिदाही पोहे, खोबरं, गूळ आणि वेलचीचा असल्याने त्याच नारळांत भागतो, आणि तो खाऊन पाठोपाठ मटण वाढायला हरकत नसते.

आता खाटकाकडे, कारण खरा पैसा इथे जातो. शोहेत रोज उपलब्ध नसतो. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरात, चौकशी करून त्याचा दिवस विचारा आणि चार-पाच घरांनी मिळून मागणी द्या. एकत्र मागणीचं मुख्य कारण भाव नव्हे. बकऱ्याचं फुप्फुस तपासताना दोष निघाला तर तो बकरा कोशर घरांना चालत नाही. तो इतर गिऱ्हाइकांना विकायला तयार असलेला खाटीक आधीच ठरलेला हवा, नाहीतर त्याचा भार मागणी देणाऱ्यांवर येतो.

दुसरी गोष्ट कुठला भाग घ्यायचा याची. मागच्या मांडीतली मोठी शीर आणि वर्ज्य चरबी काढणारा जाणकार हाताशी नसेल तर पुढचाच भाग घ्यावा लागतो: सीना, चाप, गर्दन, पुढचा पाय. त्यात हाडं जास्त. मागच्या रानाच्या हिशेबाने माणशी वजन धरलं तर ताटात कमी पडतं, तेव्हा दर किलोमागे पाव किलो जास्त सांगा. गर्दन आणि सीना रश्शाला उत्तम, चाप भाजायला ठेवा.

मांसातलं रक्त काढायला मीठ लावतात, त्यात घरोघरी चुका होतात, म्हणून हे सविस्तर. कापल्यापासून ७२ तासांच्या आत मांस भिजवून मीठ लावून झालं पाहिजे. मीठ न लावता फ्रीझरमध्ये टाकून ‘रविवारी बघू’ म्हणणं हीच नेहमीची चूक. आधी अर्धा तास साध्या पाण्यात बुडवून ठेवा. बर्फाचं पाणी नको, मांस आखडतं आणि रक्त सुटत नाही. मग रोळीत निथळा, ओलसर असतानाच सगळ्या बाजूंनी मीठ चोळा आणि तासभर रोळीत किंवा तिरक्या फळीवर ठेवा, खाली पाणी साचता कामा नये. त्यानंतर तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवा. मिठाचा दाणा महत्त्वाचा. पाकिटातलं बारीक मीठ लगेच विरघळून जातं आणि रक्त ओढत नाही. बाजारातलं खडे मीठ तसंच घेतलं तर खडे घरंगळून पडतात. खडे मीठ खलबत्त्यात जाड रव्याइतकं कुटून वापरा. किलोमागे साधारण पाव किलो मीठ लागतं, म्हणजे महिन्याच्या ८ किलो मांसाला २ किलो. हे मीठ स्वस्त आहे, त्यात काटकसर नको. रश्शात मात्र मीठ नेहमीपेक्षा कमी घाला आणि चव बघूनच वाढवा.

कोंबडीला एक जादा सूचना. दुकानात पिसं काढायला तिला गरम पाण्यात बुडवतात. मीठ लावण्याआधी हे चालत नाही, कारण उष्णतेने रक्त आतल्या आत बसतं. पिसं न उपटता कातडीसकट सोलून द्यायला आधीच सांगून ठेवा. आतलं सगळं काढून, मानेच्या शिरा कापून, पोकळ बाजू खाली करून मीठ लावायचं. कलेजीला मिठाचा हा मार्ग लागू नाही. ती चिरा देऊन, थोडं मीठ भुरभुरून, जाळीवर उघड्या आचेतच भाजायची, तव्यावर नाही.

मासळीबाजार कोशर घराचा मोठा आधार आहे. पर आणि खवले दोन्ही हवेत: पापलेट, रावस, सुरमई, बांगडा, मांदेली घ्या. कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या, माकूल, मोरी, शिंगाळा, वाम वर्ज्य. तुकडे केलेला, कातडी काढलेला मासा घेऊ नका, अख्खा घेऊन खवले बघा. सुरमईचे खवले अगदी बारीक असतात, शेपटीकडून उलट बोट फिरवलं की हाताला लागतात. ज्या कोयतीने आणि पाटावर आत्ताच कोळंबी किंवा माकूल साफ झालं, तिथेच आपला मासा कापला जातो. कोळीणबाईंना कोयती आणि पाट धुवून घ्यायला सांगा, त्या घेतात. नाहीतर मासा घरी आणून साफ करा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि भाव चढतात. याच सुमारास तिशा बआव हा ज्यूंचा उपास येतो आणि त्याआधीचे नऊ दिवस अनेक घरांत मांसही नसतं. तेव्हा जुलैचा हिशेब वाल, मूग आणि अंड्यांवर मांडा. मोड काढून सोललेल्या वालांचं बिरडं त्या उपासाच्या वेळी असतंच, दोन किलो वाल जूनमध्येच भरून ठेवा. अंडं नेहमी आधी काचेच्या वाटीत फोडायचं, रक्ताचा ठिपका दिसला तर टाकायचं.

पावसाळ्यात आणखी एक खर्च लपून बसतो, तो किड्यांचा. कीड खाणं वर्ज्य आहे, त्यामुळे टोके पडलेला रवा किंवा बेसन टाकूनच द्यावं लागतं. जून ते सप्टेंबर रवा, बेसन, मैदा पंधरा दिवसांपुरताच आणा आणि बारीक चाळणीने चाळूनच वापरा. फ्लॉवरचे तुरे सुटे करून मिठाच्या पाण्यात ठेवून मग उजेडात तपासा. अंजीर, जर्दाळू आणि खजूर एकेक उघडून बघा.

दूध-दुभत्याबाबत घरोघरी मतं वेगळी, आपल्या हज्जानचा, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्याचा, शब्द अखेरचा. काही जण आयातीचं शिक्क्याचं चीज आणतात, ते महाग पडतं. घरी एक लिटर म्हशीच्या दुधाला लिंबू पिळून पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅमच्या दरम्यान पनीर मिळतं, दूध जितकं दाट तितकं जास्त. रोजच्या भाजीला त्यावर उत्तम भागतं.

शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, किद्दुशसाठी (पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेसाठी) कोशर वाईन हवी असं वाटून आयात मालाच्या दुकानात जाऊ नका. नाशिकची वाईनही शिक्क्याशिवाय चालत नाही. मनुकांचं सरबत हा आपला जुना मार्ग आहे आणि तो मान्य आहे, फक्त मनुका पाण्याच्या एक-षष्ठांशाहून जास्त हव्यात आणि दाबल्यावर त्यांतून रस निघायला हवा, वाळून खडखडीत झालेल्या नकोत. पाव किलो काळ्या मनुका कोमट पाण्याने दोनदा धुवा, कारण द्राक्षं सुकवताना त्यांना तेलाचा द्राव लावलेला असतो. एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पंधरा मिनिटं उकळा, निवल्यावर कुस्करून फडक्यातून पिळून घ्या. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतं, पुढे आंबायला लागतं. म्हणून दर गुरुवारी थोडंच करा: ६० ग्रॅम मनुका आणि पाव लिटर पाणी एका शुक्रवारला पुरतं.

चार माणसांना महिन्याला २०,००० रुपये ठेवले तर आखणी अशी करता येईल: किराणा आणि नारळ ६,५००, दूध ३,०००, भाजी-फळं ४,०००, मासे २,०००, मटण आणि कोंबडी शोहेतच्या पैशांसह ४,०००. उरलेले ५०० पेसाहच्या डब्यात. वर्षाचे ६,००० होतात, आणि तेवढे हाताशी असले की मात्सा (पेसाहची बिनखमिराची रोटी), नवे अख्खे मसाले आणि न उघडलेलं तेल यांची सोय एकदम लागते.

पेसाहला भात खाण्याची रीत आपल्याकडे आहे, त्यामुळे खर्च आटोक्यात राहतो. तांदूळ आधीच आणून तीनदा दाणा-दाणा निवडायचा, गव्हाचा एक दाणाही राहू नये. तांदळाचं पीठ बाजारच्या गिरणीवर दळू नका, तिथे गहू दळला जातो. घरच्या मिक्सरमध्ये, भांडं पेसाहसाठी वेगळं ठेवून, करा. मिरच्या-धणे डंकावर कुटणाऱ्यांनीही हेच पाळावं. सोया सॉसमध्ये गहू असतो. आणि फोडणीच्या डब्यातला हिंग विसरू नका: बांधानी हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ घातलेलं असतं. डबीवर तांदळाचं पीठ लिहिलेला हिंग शोधा किंवा आठ दिवस हिंगाविना लसणाची फोडणी द्या.