सहा वर्षं क्रॅक वापरल्यावर : एलएमएमएस आणि आर्डरचा अनुभव

एलएमएमएस आणि आर्डर हे गाणी तयार करायचे खुले प्रोग्रॅम, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही पाहता, बदलता येतो असे. त्यांच्याबद्दल सांगण्याआधी एक कबुली देतो. सहा वर्षं मी चोरीच्या प्रोग्रॅमवर गाणी केली. कोणत्या ते सांगत नाही. प्रोग्रॅम उत्तमच होता, चोर मी होतो. मनातला हिशेब ठरलेला होता : शिकेपर्यंत क्रॅक (परवान्याचं कुलूप तोडलेली प्रत), पैसे यायला लागले की रीतसर विकत. पैसे थोडेफार यायला लागले, विकत घेणं मात्र राहूनच गेलं.

मग लॅपटॉप बदलला. नव्या मशिनवर तोच इन्स्टॉलर, तोच कीजेन, म्हणजे खोटा परवाना क्रमांक बनवणारा प्रोग्रॅम (त्याचं ते टिवटिव संगीतसुद्धा तेच), आणि सगळं पार पडल्यावर समोर एक कोरी खिडकी. दुसरी आवृत्ती शोधून काढली, तर तिच्यात जुनी प्रोजेक्ट्स उघडताना निम्मे प्लगइन (प्रोग्रॅमला जोडायची छोटी जादा साधनं) गायब. नेमका त्याच आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या आवाजात मी एक गाणं केलं होतं. "दुसऱ्या कडव्यात माझा आवाज फार पुढे आलाय रे. जरा खाली घेऊन पाठव ना, दोन मिनिटांचं काम आहे." काम खरंच दोन मिनिटांचं होतं. पण माझ्याकडे त्या गाण्याची फक्त एमपी३ उरली होती, बाकी सगळं कुलपात. अशी एकूण अकरा गाणी. आणि मदत मागायची तर कंपनीला कुठल्या तोंडानं लिहिणार?

व्हायरसची भीती मी आजवर हसण्यावारी नेत आलो होतो. क्रॅक चालवायचा तर अँटिव्हायरस बंद करा, अशी सूचना सोबतच्या फाईलमध्येच असते आणि आपण ती निमूटपणे पाळतो. २०१९ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीनं 'लाउडमायनर' नावाचं प्रकरण उघड केलं. क्रॅक केलेल्या व्हीएसटी प्रकारच्या प्लगइन्ससोबत एक आख्खं आभासी लिनक्स मशिन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर, तुमच्या कॉम्प्युटरवर बसायचं आणि मोनेरो हे कूटचलन खणत राहायचं. संगीतवाल्यांनाच का गाठलं, याचं ईसेटनं सांगितलेलं कारण वाचून मी जरा गप्पच झालो. आमची मशिन्स दणकट असतात आणि प्रोसेसर तापलेला दिसला तरी आम्हाला शंका येत नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपचा पंखा नुसता डेस्कटॉप उघडा असतानाही घरघरायचा. त्यात तेच होतं असं मी म्हणत नाही. पण नव्हतं असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

तर मग एलएमएमएस. आधी हेच घेतलं, कारण दिसायला ओळखीचं वाटलं : खाली बीट्सच्या चौकोनांची ओळ, वर साँग एडिटर, बाजूला पियानो रोल (सूर मांडायची जाळी). २००४ पासून हा प्रकल्प चालू आहे आणि डाउनलोड अगदी आटोपशीर. ट्रिपलऑसिलेटर हा त्याचा घरचा सिंथ (आवाज बनवणारं आभासी वाद्य) दिसायला साधा, पण तीन ऑसिलेटर (ध्वनिलहरींचे मूळ स्रोत) एकमेकांत मिसळायला, एकानं दुसऱ्याला मॉड्युलेट करायला बसलात की संध्याकाळ कधी संपली कळत नाही. झिनअ‍ॅडसबएफएक्स हा आणखी एक सिंथही आतच बांधलेला आहे. त्याचे पॅड (मागे लांब तरंगत राहणारे सूर) मला अजूनही कुठल्याही महागड्या प्लगइनइतके आवडतात. साउंडफाँट (वाद्यांच्या नमुन्यांच्या फाईल्स) थेट वाजतात. पहिल्या दोन दिवसांत दीड मिनिटाचा बऱ्यापैकी तुकडा तयार झाला आणि मी खूश.

तिसऱ्या दिवशी गिटार रेकॉर्ड करायला बसलो. रेकॉर्डचं बटण सापडेना. मेनू पालथे घातले, सेटिंग्ज उलगडल्या, शेवटी मदतीची पानं वाचली. एलएमएमएसच्या १.२ या स्थिर आवृत्तीत माइकवरून आवाज रेकॉर्ड करायची सोयच नाही! हे पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहायला हवं होतं. जुगाड केला : ऑडॅसिटी या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्ड करायचं आणि ती फाईल एलएमएमएसमध्ये ओढून टाकायची. एका टेकला (एका दमातल्या रेकॉर्डिंगला) ठीक आहे. आठव्या टेकला, सुरुवात पुन्हा एकदा तालाला जुळवत बसल्यावर, ठीक राहत नाही. शिवाय व्हीएसटी प्लगइनपैकी जुन्या व्हीएसटी२ प्रकारातलेच त्यात चालतात. तुमचं संगीत पूर्णपणे सिंथ आणि सॅम्पलवर (आधीच रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांवर) उभं असेल तर एलएमएमएस बेलाशक घ्या. गळ्यानं गाणाऱ्यांनी पुढे सरकावं.

पुढे म्हणजे आर्डर. (ऑर्डर नव्हे. मी मित्राला फोनवर नाव सांगितलं तेव्हा त्यानं "काय मागवलंस?" असं विचारलं होतं.) हा पॉल डेव्हिस यांचा प्रकल्प. अ‍ॅमेझॉनच्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्रॅमर्सपैकी एक असलेला हा माणूस तिथून बाहेर पडून वर्षानुवर्षं ऑडिओ सॉफ्टवेअर लिहीत बसला. लिनक्सवरची जॅक ही आवाजाची व्यवस्थाही मूळ त्यांचीच. इथे मुक्त आणि मोफत या दोन शब्दांतला फरक नीट कळतो. आर्डरचा सोर्स कोड जीपीएल परवान्याखाली खुला आहे : वाचा, बदला, वाटा. पण तयार इन्स्टॉलर हवा असेल तर परवडेल तेवढे पैसे द्या, असं ते म्हणतात. पैसे न देता घेतलेली चाचणी आवृत्ती दहा मिनिटांनी मुकी होते. लिनक्सवाल्यांना मात्र आपापल्या डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या प्रकाराच्या) भांडारातून पूर्ण प्रोग्रॅम तसाच मिळतो. मी पैसे दिले. रक्कम छोटीच होती, पण सहा वर्षांत एखाद्या प्रोग्रॅमसाठी खिशात हात घालायची ही पहिलीच वेळ. थोडं हसूही आलं.

पहिली रात्र कटकटीची गेली. गाणं सुरू करण्याआधीच आर्डर विचारतो : कोणतं ऑडिओ उपकरण, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, म्हणजे सॅम्पल) किती, बफर (एका वेळी किती सॅम्पल साठवून पुढे द्यायचे) किती? जुन्या प्रोग्रॅमनं हे सगळं माझ्यापासून लपवून ठेवलं होतं, त्यामुळे मला उत्तरंच ठाऊक नव्हती. बफर १०२४ ठेवला आणि हेडफोनमध्ये माझाच आवाज मागून येऊ लागला. हिशेब सरळ आहे : ४८,००० हर्ट्झला १०२४ सॅम्पल म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद, तेही फक्त एका बाजूचे, जाऊन-येऊन आणखी जास्त. बफर १२८ वर आणला की तेच तीन मिलिसेकंदांच्याही आत येतं, पण प्रोसेसर कमकुवत असेल तर तडतड सुरू होते. आता मी गाताना १२८ आणि मिक्स करताना १०२४ ठेवतो. सहा वर्षं 'माझा ताल कच्चा आहे' असं मला वाटत होतं. त्यातला काही भाग बफरचा असणार. सगळा नव्हे, हेही खरं.

आर्डरवर जीव जडला तो त्याच्या फोल्डरमुळे. तुमचं सेशन म्हणजे एक साधा फोल्डर. आत रेकॉर्ड केलेले सगळे टेक वेव्ह फाईल्स म्हणून पडलेले, आणि कोणता तुकडा कुठे, किती आवाजात, कोणत्या प्लगइनमधून जातो याची सगळी नोंद एका एक्सएमएल फाईलमध्ये. म्हणजे टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचता येईल अशी. एकदा मी चाळीसेक तुकड्यांना चुकीच्या गायकाचं नाव देऊन बसलो होतो. सेशनची प्रत काढून ठेवली, ती फाईल एडिटरमध्ये उघडली, 'शोधा आणि बदला' केलं, झालं. उद्या आर्डर बंद पडला तरी माझे टेक कुठल्याही प्लेअरमध्ये वाजतील. ज्याची अकरा गाणी अडकली आहेत त्यालाच यातलं सुख कळेल.

मिक्सिंगबद्दल थोडक्यात : भक्कम. कोणता आवाज कुठून कुठे पाठवायचा याला मर्यादाच नाही, आणि प्लगइनमुळे होणारा उशीर २०२० च्या ६.० आवृत्तीपासून सगळीकडे नीट भरून काढला जातो. आतलेच ईक्यू (जाड-बारीक स्वर कमी-जास्त करणारा), कंप्रेसर (आवाजातले चढउतार आवरणारा) आणि रिव्हर्ब (घुमारा देणारा) साधे पण कामाचे आहेत. मी त्यांच्या जोडीला एलएसपी या खुल्या प्रकल्पाचे प्लगइन वापरतो. त्यांच्या खिडक्यांत एवढी बटणं असतात की निम्म्यांना मी अजून हात लावलेला नाही.

वाद्यांच्या बाबतीत मात्र आर्डर रिकाम्या हातानं येतो. सोबत मिळणारे सिंथ नावापुरते. ही उणीव सर्ज एक्सटीनं भरून काढली. सर्ज हा पूर्वी विकत मिळणारा सिंथ. त्याच्या कर्त्यानं २०१८ मध्ये सगळा कोड खुला केला आणि तेव्हापासून स्वयंसेवकांनी तो वाढवत नेला. आज त्यात दोन हजारांहून जास्त तयार पॅच (आवाजांच्या मांडण्या) आहेत. ड्रमसाठी हायड्रोजन. यामाहाच्या जुन्या डीएक्स७ या सिंथचा तो काचेसारखा पियानो हवा असेल तर डेक्स्ड.

जिथे खरंच कमी पडतं तेही सांगतो. गायकाचा एकेक सूर पकडून वर-खाली करायची, ओढून लांबवायची सोय मला खुल्या सॉफ्टवेअरमध्ये मनासारखी मिळाली नाही. एक्स४२ या खुल्या प्लगइन-संचातलं ऑटोट्यून (सूर आपोआप जुळवणारं साधन) आहे, पण ते सरसकट सूर ओढतं, बारीक काम होत नाही. खऱ्या व्हायोलिनच्या ताफ्यासारखं काही हवं असेल तर साउंडफाँटवर भागत नाही. आणि आर्डर माझ्याकडे आठ महिन्यांत तीनदा कोसळला, तिन्ही वेळा एकाच प्लगइनमुळे. दोनदा काही गेलं नाही. एकदा रेकॉर्डिंग चालू होतं, तेव्हा पुन्हा उघडल्यावर त्यानं स्वतःच विचारलं, अर्धवट राहिलेला टेक परत आणू का? आणला.

अकरापैकी चार गाणी आतापर्यंत पहिल्यापासून पुन्हा केली आहेत. चौथं मैत्रिणीचं. ती पुन्हा गायली, थोडी कुरकुरत, पण यावेळी मी तिला आर्डरच्या आर्काइव्हच्या सोयीनं आख्खं सेशन एका फाईलमध्ये बांधून पाठवलं आणि म्हटलं, घे, तुझा आवाज तूच खाली घे. दुसऱ्या दिवशी फाईल परत आली. आवाज होता तिथेच. गिटार मात्र तिनं चार डेसिबल खाली घेतली होती.